ग्राफिक्स: नाही

क्लाक्सविकच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यावर एक खोली.
मार्युन रात्रपाळी उरकून येते, तशीच बसते कॉम्प्युटरपुढे.
बुटांवर खवले.

हानुसने तीस वर्षं खाडीचा तळ मोजला,
एका होडीतून, दोरीला शिसं बांधून.
चौदा वह्या.
आता त्याचे डोळे आकडे धरत नाहीत.
"मोठं काढून दाखव कुणीतरी," म्हणाला,
आणि वह्या ठेवून गेला, मासळीच्या पेटीत.

प्रोग्राम फुकट आहे, उघडा आहे,
म्हणजे सुटे भाग मिळतात,
सांधायचं आपलं आपण.

कॉन्फिगर नमनालाच घडाभर तेल घालतं.
कंपायलर आहे का? आहे.
खरंच चालतो का? चालतो.
या मशीनला बेरीज येते का?
येते, बाबा, येते.
तीनशे ओळी अशी स्थळाची चौकशी
आणि अगदी तळाशी, आवाज न चढवता:
ग्राफिक्स: नाही.

चूक असती तर ओरडली असती.
ही नुसती माहिती.

एक लायब्ररी आणली, तिला फॉन्टवाली हवी.
फॉन्टवालीला तिसरीच कोणी.
नातं चुलत्याच्या मावसबहिणीपर्यंत गेलं
तेव्हा कळलं, ती तर घरातच आहे कधीची,
फक्त हेडर फाइली नव्हत्या.
माणूस आत, दारावर पाटी नाही.

मग मेक.
पंखा गरगरतो, वॉर्निंगा वाहून जातात,
कुणी अनोळखी गृहस्थ दूर कुठल्या शहरात
कॉमेंटमध्ये लिहून गेलेला:
हे का चालतं माहीत नाही, हात लावू नका.
तिने लावला नाही.
कॉफी गार झाली. पहिली फेरी भोंगा देऊन गेली.

खिडकी उघडली. पांढरी.
मग एकेक बिंदू, मग रेघ,
आणि समुद्राचा तळ
उलटा.
खोलीची चिन्हं चुकलेली; खड्ड्याच्या जागी डोंगर,
गावामागे आहे तसाच, टोकाला जरा वाकलेला.

हानुस काठी टेकत जिना चढून आला.
पडद्याला नाक लावून पाहिलं बराच वेळ.
मग सगळ्यात उंच शिखरावर बोट ठेवलं.

"इथे माझा नांगर अडकला होता.
दोर कापावा लागला."

वजाच्या बटणावर ठेवलेलं बोट
मार्युनने उचललं.
"अजून असेल?" तिने विचारलं.