लोकसंख्या: शून्य

वार्डो, नोव्हेंबर. दुपारी दोनलाच रात्र.
स्वयंपाकघराच्या टेबलावर तोरगाइर
फासे टाकून ग्रह घडवतोय:
हवा विरळ. पाणी सत्तर टक्के.
यानतळ अव्वल दर्जाचा.
लोकसंख्या शून्य.

"काहीतरीच. परत टाक," सुनिवा म्हणते.
नियमात बसतं तसं.
तो पेन्सिल चावत राहतो;
नकाशाच्या एका षटकोनावर कॉफी वाळते.

मग लिहितो:
मासे संपले, माणसं गेली.
एकजण रोज धक्क्यावर येऊन दिवा लावतो,
न येणाऱ्या यानांसाठी
दोर गुंडाळून ठेवतो.

"मग एक झाली की लोकसंख्या!"

खिडकीबाहेर, बापाच्या बंद कारखान्यावर
एक बल्ब.

"तक्ता," तोरगाइर म्हणतो,
"दहाच्या खालचे मोजत नाही."