झाड आडवं होतं

ओंडक्यांचा ट्रक चालवायचो तेव्हाची गोष्ट.
पिनांगाच्या वरच्या उतारावर सेरायाचं झाड पाडलेलं,
साखळ्या आवळायला अजून अर्धा तास होता,
आणि लघवीला म्हणून पलीकडे गेलो तर
फांदीच्या बेचक्यात हे:
सुपारीएवढ्या गाठी, दोरीत ओवल्यासारख्या,
प्रत्येक गाठीवर एकच पान,
पानाची खालची बाजू वांग्याच्या सालीसारखी.
फूल नव्हतं.
का उचललं, ते आजही सांगता येत नाही.
जेवणाच्या डब्यात घातलं. डब्यात भात होता अजून.

तांबुनानला आणून नारळाच्या सोडणात बांधलं;
सोडण कुजलं.
मग नेचाच्या खोडाच्या फळीवर, गळाच्या तंगुसाने.
नळाचं पाणी दिलं, पानांच्या कडा काळ्या पडल्या.
पाच गाठी गेल्या. तीन उरल्या.
शेवटी पत्र्यावरून गळणारं पाणी
मायलोच्या डब्यात धरायला लागलो
आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या भिंतीवर,
जिथे धूर जेमतेम पोहोचतो, तिथे टांगलं.
तिथे ते जगलं. म्हणजे मेलं नाही.
वर्षाला एखादी गाठ, एखादं पान, एवढंच.
शेजारचा गुम्पिल म्हणायचा,
कांदा लावला असतास तर खाल्ला तरी असतास.
सगळ्यांनी त्याला नावं ठेवली.
नाव कुणीच ठेवलं नाही.

नवव्या वर्षी, पहाटे,
जुसिना उठली ती नाक दाबूनच.
"बोसौची बरणी फुटली."
भातात मुरवलेल्या माशांच्या चारी बरण्या
उघडल्या, हुंगल्या, फडकी बदलली,
तिच्या आईवर संशय घेतला, मग कुत्र्यावर.
वास भिंतीवरून येत होता.

फूल नखाएवढं.
पिवळट, त्यावर सुकल्या रक्ताचे ठिपके,
आणि मधे ओठ, जणू एका केसावर तोललेला,
मी श्वास सोडला तरी
होकार दिल्यासारखा हलणारा.
एक माशी बसली, झोका गेला, ती आत आपटली
आणि पाठीवर पिवळं गाठोडं घेऊन
हमालासारखी बाहेर आली.

वनस्पतिसंग्रहातली मॅरियन सिपाइन
दुपारी जीप घेऊन आली.
भिंग लावून तिने दात मोजले.
फुलाला दात असतात हे मला त्या दिवशी कळलं:
आतल्या खांबाच्या टोकाला दोन,
आणि खाली, नसायला हवा तिथे, तिसरा.
हे असेल तर ओठावर लव हवी.
ते असेल तर पान अरुंद हवं.
आणि ते तर जावाचं, इथे कशाला येईल.
चार वाजता तिने पुस्तक मिटलं, पेन काढलं.

कुठून आणलंत?
सांगितलं. आता तिथे पामतेलाची लागवड आहे,
नजर पोहोचेल तिथवर.
कुठल्या झाडावर?
सेराया.
जमिनीपासून किती उंचीवर?

मी हात वर केला, मग खाली घेतला.
झाड आडवं होतं, म्हणालो.
तिने रकाना कोरा ठेवला.

मग हळूच विचारलं, कापू का?
मी जुसिनाकडे पाहिलं. ती बरण्यांकडे पाहत होती.
हो म्हणालो.
कापल्याचा आवाजही झाला नाही.
स्पिरिटच्या कुपीत फूल खाली खाली गेलं,
ओठ दोनदा हलला,
मग रंग सुटायला लागला, चहासारखा.
कुपीवर तिने लिहिलं: गोळा करणारा, लोजुइन गोंतिलोन.
आणि जातीच्या नावाच्या जागी
एक प्रश्नचिन्ह, सुबक, शाळेतल्या बाईंसारखं.
जाताना तिला अर्धी बरणी बोसौ बांधून दिलं.

पत्र आलेलं नाही.
गाठी आता सात झाल्यात.
परवा शेवटच्या गाठीच्या बुडाशी
तांदळाएवढं काहीतरी टोचून आलंय.
मूळ असेल. कळी असेल.
गोगलगाईंसाठी खाली राख पसरून ठेवली आहे.
जुसिनाने बरण्या दुसऱ्या खोलीत हलवल्या,
म्हणजे यंदा वास आला
तर वाद नको.