चार पूर्णांक दोन

रात्री दोन चाळीसला बस येते.
येते म्हणजे, वेळापत्रकात येते.
जानेवारीत मी तिला सव्वातीनपर्यंत माफ करते,
वादळ असलं तर उजाडेपर्यंत.

पेट्रोल पंपामागची ही खोली म्हणजे स्टँड.
सहा खुर्च्या, एक हीटर,
दोनदा बुक्की मारल्यावर चालणारं कॉफीचं यंत्र,
आणि मी, ओडील रँकूर,
एकोणीस वर्षं तिकिटं फाडणारी.
त्याआधी मावशी फाडायची.

उत्तरेला जातो तो लाकडाच्या ट्रकांचा रस्ता.
दक्षिणेला शहर, नऊ तासांवर.
मध्ये स्प्रूसची झाडं
आणि स्प्रूसची झाडं
आणि एखादा मूस,
रस्ता स्वतःच्या नावावर असल्यासारखा उभा.

मंगळवारी कर्लिंगच्या हॉलमध्ये सभा झाली.
बस बंद करायची की नाही ते ठरवायला
कंपनीचा माणूस विमानाने आला.
पातळ बूट. पडद्यावर आलेख.
‘फेरीमागे सरासरी प्रवासी,’ तो म्हणाला,
‘चार पूर्णांक दोन.’
माणूस वाईट नव्हता.
आकडाही खोटा नव्हता.

त्यातले चार मी ओळखते.
म्हातारा एझ्रा वाबानो, दर तिसऱ्या आठवड्याला,
केमोला जाताना बडबडतो, येताना गप्प.
खाणीतून काढलेला कोणीतरी पोरगा,
सगळा संसार कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.
तिसरी, जिचं नाव मी वहीत घातलंच नाही.
तिने सुट्टी नाणी मोजून दिली.
‘परतीचं?’ मी विचारलं.
तिने सुजलेला डोळा दुसरीकडे वळवला.
तासाभराने एक जण पिकअप घेऊन आला, विचारू लागला,
तेव्हा मी यंत्राला बुक्क्या मारत राहिले,
ऐकूच येत नसल्यासारखी.
चौथा दर रात्री बदलतो.

पण पूर्णांक दोन कोण,
ते हॉलमधल्या लोखंडी खुर्चीवर बसल्या बसल्या सुचलं.

नोव्हेंबरात मरीसा कुस्टाचिन गेली,
दिवस भरत आलेले.
इथला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होऊन सहा वर्षं झाली,
आमची बाळं आता शहरात जाऊन जन्मतात.
तिला मी एक तिकीट दिलं.
चार आठवड्यांनी पहाटे उतरली,
कोटाच्या आत काहीतरी धरून.
उणे अडतीस होतं, इंजिन बंद करणं शक्य नव्हतं,
पण हेइक्किनेनने बसमधले दिवे मंद केले
आणि पायऱ्यांवरचा बर्फ स्वतःच्या बुटाने खरवडला.
दोन वर्षांखाली तिकीट नसतं.
वहीत, परतीच्या रकान्यात,
मी एकच लिहिलं.

मी उभी राहिले. बोलायचं ठरवलं नव्हतं.
हे सगळं सांगायचं होतं,
तोंडातून निघालं ते भलतंच,
‘साहेब, गॅस्टनच्या स्नोमोबाइलचा पट्टा याच बसने आला,
आणि दवाखान्यातल्या रक्ताच्या नळ्या,
आणि सोलांजच्या लग्नाचा केक,
तीन मजली, नऊ तास, एक फूलसुद्धा पडलं नाही.’
लोक हसले.
हेइक्किनेन मागच्या रांगेत लाल झाला.
साहेबांनी वहीत लिहून घेतलं, ‘पार्सल.’
मी खाली बसले.
घरी जाताना, गाडीत, सगळं नीट बोलले.
ऐकायला वायपर होते.

निर्णय मार्चमध्ये.

आज दोन चाळीस होऊन गेले.
रस्ता इथे इतका सरळ आहे
की दिवे दिसल्यावर बस यायला चार मिनिटं लागतात.
तेवढ्यात कॉफी होते, पार्सलं दाराशी लागतात,
एझ्राला हलवून जागं करता येतं.

आता दिसतायत दोन ठिपके.
बसचे की ट्रकचे,
पहिल्या मिनिटात कळत नाही.
एझ्रा आपणहून उठून बसलाय,
टोपी शोधतोय, ती डोक्यावरच आहे.
मी यंत्राला एक बुक्की मारली.
दुसरी अजून मारलेली नाही.