शंभरातला कितवा

दगू पगारांनी बाटलीकडे पाहिलं
आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, "स्लो पंक्चर."

पलंगाखाली बाटली, बाटलीत पाणी,
पोराच्या बरगड्यांतून आलेली नळी
त्या पाण्यात बुडलेली.
प्रणित खोकला की एक बुडबुडा.
त्र्यंबक रोडला, सातपूरच्या अलीकडे,
बत्तीस वर्षं हेच बघत आलेला माणूस:
घमेल्यात ट्यूब दाबायची, हळूहळू फिरवायची,
बुडबुडा येईल तिथं खडूनं खूण.

रात्रभर ते स्टुलावर बसून बुडबुडे मोजत होते.
सकाळी म्हणाले, चारनंतर एकही नाही.
मला वाटलं, डोळा लागला असेल.
लागला नव्हता.

प्रणित एकोणीसचा. सहा फूट एक इंच, वजन बावन्न.
अंग असं भराभर उंच झालं की
फुप्फुसाचा शेंडा ताणला जातो,
असं आमच्या पुस्तकांत आहे.
देवळालीच्या भरतीसाठी तो आरशासमोर
छाती पाच सेंटिमीटर फुगवायचा सराव करत होता.
साडेचारपर्यंत आली होती.
मग एका सकाळी, पळताना नाही, जोर काढताना नाही,
बुटाची नाडी बांधताना
डावीकडे चमक निघाली.

नळी काढली त्या दिवशी त्यांनी विचारलं,
"परत होईल का?"
मी पाठ असलेलं बोलले:
शंभरातल्या तीसेक जणांना होतं,
बहुतेकांना पहिल्या वर्षातच.
ते थोडा वेळ गप्प.
"शंभरातला हा कितवा?"

मी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली.
शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढे तीन फोड.
उजवीकडे एक, अजून शांत.
एक अभ्यास म्हणतो, फोड दिसले की जपा.
दुसरा म्हणतो, फोडांवरून काही ठरत नाही.
तिसऱ्यात माणसंच चाळीस.
सिगारेट?
प्रणित बापाकडे न बघता नाही म्हणाला.
पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.
बाप औषधं आणायला खाली गेला
तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं.

"ठिगळ लावलेली ट्यूब," वर आल्यावर दगूभाऊ म्हणाले,
"ठिगळापाशी नाही हो फुटत.
शेजारी फुटते."
हे मी कुठल्या जर्नलात वाचलं नव्हतं
आणि खोडूनही काढता येईना.
ऑपरेशनचं सांगितलं: दुसऱ्यांदा झालं तर.
"तर," ते म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

त्या कागदावर मी लिहिलं होतं:
खोल पाण्यात बुडी कधीच नको.
विमानप्रवास सध्या नको.
विमानावर दोघंही हसले.
भरतीचं मी लिहिलं नाही.
त्यानं विचारलंही नाही.

चौदा महिन्यांनी माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं.
दुकानात प्रणितच होता, जॅकवर वाकलेला,
मान अजून तशीच लांब, खांदे जरा भरलेले.
मी त्याच्या श्वासाकडे बघत होते,
तो चाकाकडे.
ठिगळ लावलं, हवा भरली,
मग बोटावर थुंकी घेऊन
व्हॉल्व्हच्या तोंडाला लावली
आणि आम्ही दोघं वाट पाहत उभे राहिलो.

"काही नाही ना?"
"आत्ता तरी नाही, मॅडम,"
माझंच वाक्य, माझ्याच सुरात,
आणि सुट्टे नाहीत म्हणून
दहा रुपये त्यानं सोडून दिले.