शेवटून चौथं अक्षर

खिडकीपाशी उभी बाई म्हणते, मी ही इथे आहे.
पडद्यावर उत्तर येतं: शून्य नोंदी.
मारिका पुन्हा टंकते. शून्य.
बाईंचं नाव ओइए. म्हणजे नेमका ओ नाही,
त्याच्या डोक्यावर एक लहानशी लाट असते,
देवनागरीत तिला जागा नाही, चालवून घ्या.
सारेमा बेट, कुरेसारेचा दवाखाना,
बाहेर उणे अकरा, धक्क्यापाशी समुद्र साकळलेला.

पहिला संशय मारिकावर.
बेटावरच्यांना तो स्वर जमत नाही,
त्यावरून टॅलिनची माणसं त्यांची टर उडवतात.
ऐकलं तसं लिहिलं असशील, म्हणत हेल्दूर
खुर्ची ओढून बसला.
मारिकाने चष्मा काढून पुसला, बोलली नाही.
नाव बरोबर होतं, एकूण एक अक्षर.

मग संशय डिस्कवर. डिस्क ठणठणीत.
मग त्याने सूची बाजूला सारली
आणि सर्व्हरला सांगितलं,
पहिल्या ओळीपासून वाच.
चाळीस लाख ओळी,
हजेरी घ्यावी तशा.
अकरा सेकंद.

होती ती.
ओइए कुल्डसार, जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीस,
पेनिसिलिन चालत नाही.

गेल्या मंगळवारी ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली होती,
हेल्दूरनेच, सुरक्षेसाठी, नियमाला धरून.
तिच्या पोटात वर्णक्रमाची लायब्ररीही बदलली:
कोण कुणाच्या मागे उभं राहायचं, याबद्दलचं मत.
सूची मात्र जुन्या मताने रचलेली.
ळ कुठे शोधायचा, क्ष कुठे,
यावर दोन कोशांचं पटलं नाही की होतं तसंच:
शब्द जागचा हलत नाही,
आपणच भलत्या पानावर बोट फिरवत बसतो.

सूची पुन्हा बांधायला घेतली, ती मध्येच अडली.
तीन माणसं दोनदा निघाली.
सापडत नाहीत म्हणून आठवड्याभरात कुणीतरी
त्यांना नवीन रुग्ण म्हणून भरलं होतं,
जुनी दुखणी वगळून.
ती हाताने जुळवावी लागली.
तोवर ओइएबाईंनी थर्मासमधली कॉफी
मारिकाला अर्धी दिली.

राहिला प्रश्न डेटाबेसचा.
आवृत्ती इतकी जुनी, की तिच्या दुरुस्त्या
नोव्हेंबरातच बंद झालेल्या.
नवी असती तर आपणहून बोलली असती,
क्रम बदललाय, सूची तपासा.
संचालिका फोनवर: मग आज रात्रीच चढवा.
हेल्दूर म्हणाला, नाही.
तळघरात रक्त तपासायचं यंत्र आहे,
ते फक्त जुन्या बोलीत बोलतं.
आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदलावी,
नाहीतर चोर कोण, ते कळत नाही.
ती म्हणाली, आणि थांबल्यामुळे कुणाचं बरंवाईट झालं तर?
याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
वहीत त्याने तो प्रश्न तसाच उतरवला,
खाली तारीख घातली.

बाई निघताना म्हणाल्या, मी होते तरी कुठे?
शेवटून चौथ्या अक्षरात.
तिथेच तर असते मी, त्या म्हणाल्या,
आणि स्वतःचं नाव उच्चारलं,
बेटावर म्हणतात तसं, चुकीचं.

नक्कल काढून दोनदा तालीम झाली.
पहिल्या खेपेला यंत्र गप्प,
दुसऱ्या खेपेला बोललं, पण वेळ दोन तास मागे.
मार्चमध्ये एका रविवारी पहाटे तीनला
नवी आवृत्ती चढली.
हेल्दूरने पहिलं नाव टंकलं ते तिचं.
एक नोंद.
पेनिसिलिन चालत नाही.
मग तो उठला, यंत्र काय म्हणतंय ते बघायला
तळघराकडे निघाला,
जिन्यातला दिवा लावायचं विसरून.