रिकामा फुगा

टिळकवाडीत कॉमिक्सचा मेळा,
म्हणून खानापुरातनं पहिली बस धरली.
मृण्मयीचे पंख माझ्या मांडीवर,
कुंद्याच्या खोक्यांचे, चांदीचा कागद लावलेले.
कंडक्टर म्हणाला, "ह्यांचं हाफ तिकीट की काय?"

हॉलात तीन राक्षस, एक बिनशेपटीचा वाघ.
वाघ कन्नडमधनं डरकाळतो,
ही मराठीत उडते.
मी बाटली, डबा, सुटलेला एक पंख
घेऊन भिंतीला टेकलेली.

चित्रकारानं चौकट दिली, फुगा रिकामा.
"आई, कुठल्या भाषेत लिहू?"
मी आधी आजूबाजूला बघितलं.
जुनी खोड.
तोवर वाघानं खडू ओढून
फुग्याबाहेरच भलंमोठं काहीतरी लिहिलं.
"धडाम!" ती ओरडली.
त्याला वाचावंच लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती झोपली.
फुगा अजून कोराच.
घडी घालू नको, म्हणालीय.