वेगळी सुरी

एर्मेतेने तीस वर्षं गहूच मळला.
भुवयांवर पीठ, कोटाच्या शिवणीत पीठ,
तसाच घरी येऊन नीवेसला उचलून घ्यायचा.

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून
दारातच कपडे उतरवतो,
केस धुतो,
मग लेकीला हाक मारतो.

तांदूळ-मक्याचा पाव चारदा केला,
चारदा बसला. विटेसारखा.
एवढा नावाजलेला बेकर!
पाचवा दोन दिवसांत शिळा झाला
आणि ते शिळेपणच कामी आलं.

नवी सुरी, नवा पाट,
निळ्या फडक्याखाली वेगळे ठेवलेले.
पेराएवढे तुकडे. ऑलिव्हचं तेल, ठेचलेली लसूण, मीठ.
आच मंदच हवी;
घाई केली की वरून करपतात, आत ओलेच राहतात.
एकदा उलटायचे, मग ओव्हनच्या दारात
लाकडी चमचा अडकवून
वाफेला वाट द्यायची.

बाहेर उदिनेवर धुकं.
ताटलीत घेवड्याचं सूप, यंदा जवाशिवाय.
नीवेस एक तुकडा उचलते,
बापाच्या कानाशी नेऊन मोडते.

कुर्र.

मळणीयंत्रांनी अर्धा बहिरा केलेला एर्मेते
म्हणतो,
या नाही, त्या कानाशी मोड.